वजाबाकी

सूर्यास्ताआधी जेवून मी टेकडीवर येते.
आमच्यात रात्री जेवत नाहीत,
ते या नोकरीला बरं पडलं.
घुमटाचं झाकण सरकवते, भिंग पुसते.
चैत्रात त्यावर जोतिबाकडून आलेला गुलाल असतो,
हंगामात गुऱ्हाळांची काजळी,
आणि लग्नसराईत कुणाच्या तरी वरातीतला हिरवा लेझर
एखादा फोटो खाऊन जातो.

सत्त्याऐंशी किलोमीटरवर हवा आपली आपण उजळते.
डोळ्यांना नाही दिसत. यंत्राला दिसतं,
आणि त्या उजेडावरून तिथलं तापमान काढता येतं.
उणे ऐंशीच्या आसपास.

भरतेश शिरोलीला फाउंड्रीत आहे.
त्याचा आकडा चौदाशे.
सकाळी दोघं एकाच वेळी घरी येतो.
चहा गाळताना तो विचारतो, "आज किती?"
मी सांगते.
"एवढ्यात ओतकाम व्हायचं न्हाई," म्हणतो.

माझ्याआधी इथं दस्तगीर मुजावर होते.
सव्वीस वर्षांच्या वह्या, निळ्या शाईत:
ढग. ढग. पौर्णिमा. लाईट गेली. ढग.
जून ते सप्टेंबर पानं कोरी,
नुसती तारीख आणि तिच्यापुढं सही.
काही दिसत नाही, हे बघायलाही ते हजर होते.

त्या वह्या आता मी संगणकात भरते.
आधी ऋतू वजा करायचे.
मग सूर्याची अकरा वर्षांची भरती-ओहोटी.
मग मधे बदललेलं यंत्र.
एवढं सगळं जाऊन जी रेघ उरते
ती खाली उतरते,
दहा वर्षांत अंशभर.

इथं गल्लीत फेब्रुवारीतच पंखे लागतात
आणि वर थंडावतंय.
वायू तोच, गाड्यांचा, गुऱ्हाळांचा, भरतेशच्या भट्टीचा;
खाली ऊब धरून ठेवतो,
वर विरळ हवेत ती उधळून टाकतो.
थंड झालेली हवा आक्रसते.
म्हणजे आभाळ थोडं बुटकं झालंय.

हे सांगायला सदर बाजारात गेले.
मुजावरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा.
आकडा ऐकून म्हणाले, "माझी चूक किती धरलीस?"
"अर्धा अंश."
बराच वेळ गप्प.
मग, "अठ्ठ्याण्णवचा जानेवारी बघ.
फिल्टरचा हीटर बंद पडला होता, दोन रात्री.
कुणाला बोललो नव्हतो."

आज रात्र स्वच्छ आहे.
मी ते पान काढलंय.
चौदा आणि पंधरा तारखेची सही
इतर सह्यांपेक्षा जरा लहान आहे.
त्या दोन रात्री वगळते.

रेघ जागची हलत नाही.
हे त्यांना फोन करून सांगावं की नको,
ठरत नाही.