पान चार

घर घेताना मी छप्पर पाहिलं, पायऱ्या मोजल्या,
तळघरात भिंतीला नाक लावून ओल हुंगली.
सेंट जॉनमध्ये धुकं इतकं उतरतं
की सगळीच घरं थोडी कुबट असतात,
त्याचे कुणी पैसे कापत नाही.

विक्रीच्या फॉर्मवर, पान चार, एक ओळ होती:
आवारात जमिनीखाली तेलाची टाकी?
पुढे तीन चौकोन. आहे. नाही. माहीत नाही.
युलाली कॉर्मिएने तिसऱ्यात फुली मारली होती,
कागदाला भोक पडेल इतकी दाबून.
मी फुली पाहिली, मग भाव पाहिला.
भाव जास्त वेळ पाहिला.

तळमजल्यावरची नादेज रात्रपाळी करून येते.
एप्रिलमध्ये म्हणाली, टॉवेलांना स्टोव्हचा वास येतोय.
मी म्हटलं, खिडकी उघडत जा.
मेमध्ये म्हणाली, बाळाच्या दुपट्यालाही येतोय.
तेव्हा मी माणूस बोलावला.

ऑर्विलकडे एक लांब सळई होती.
लायलॅकच्या झुडपाशी ती ठण्ण वाजली.
"ही बघा," तो म्हणाला,
चुलत आत्या बाजारात भेटावी तसा.
साठ वर्षांची टाकी, बुडाची चाळण.
पहिल्या दिवशी दोन ट्रक माती निघाली,
दुसऱ्या दिवशी पाच,
मग मी मोजणं सोडलं;
मोजणारे वेगळे होते, ते बिलं पाठवत होते.
तेल गेलं, तूपही गेलं म्हणतात.
इथे तेल कुठे गेलं एवढं सांगायलाच
ताशी एकशे ऐंशी डॉलर.

उताराने गेलं होतं,
हॅलेटांच्या वाफ्यांकडे, त्यांच्या रुबार्बकडे.
तेलाला हद्दीचा नकाशा वाचता येत नाही.
हॅलेटांना येतो.
त्यांची नोटीस शुक्रवारी आली,
विमा कंपनीचं पत्र सोमवारी:
प्रदूषण वगळून, कृपया पान एकवीस पाहावे.

वेटमोर वकीलबाई सावकाश बोलतात.
"म्हातारीला माहीत होतं हे सिद्ध झालं
तर खर्च तिचा. नाही झालं तर तुमचा.
आणि आता," त्यांनी पेनाला टोपण लावलं,
"तुम्हाला माहीत आहे. ते तुम्हाला पुसता येणार नाही."

ऑर्विल मनाने चांगला. जाताना म्हणाला,
वरून हिरवळ अंथरू, शरदात विकून मोकळे व्हा.
झाकली मूठ सव्वा लाखाची, मला कळतं.
पण माझ्या मुठीतून ठिबकत होतं.

युलालीला भेटायला वृद्धाश्रमात गेलो
ते तिला बोलतं करायलाच, खोटं कशाला सांगू.
खिशात फोन चालू ठेवला होता.
ती म्हणाली, अल्सीद दर वसंतात
झुडपातली एक नळी हिरवी रंगवायचा,
तिच्यावर चिमण्यांसाठी दाण्याचं ताट टांगायचा.
कसली नळी ते त्याने सांगितलं नाही.
"मी विचारलं नाही," ती म्हणाली,
"एकेचाळीस वर्षं. विचारलं असतं तर
त्याने सांगितलं असतं, तो तसा होता."
मग टेबलाच्या खणातून फोटो काढून दिला:
ती, ताट, हिरवी नळी, एक धूसर चिमणी.
ठेव म्हणाली, घर आता तुझं आहे.

फोटो गाडीच्या कप्प्यात आहे.
दावा लावायची मुदत, बाई सांगतात, मार्चपर्यंत.
फोन मी परत ऐकला नाही, खोडलाही नाही.
हॅलेटांना पहिला हप्ता दिला,
त्यासाठी किंग स्ट्रीटवरचा गाळा फुंकला.
नादेज वरच्या मजल्यावर गेली, त्याच भाड्यात,
आणि अजून रोज दुपटं हुंगते;
मला ते जिन्यातून दिसतं.

काल कोरा फॉर्म छापून पाहिला.
पान चार. तेच तीन चौकोन.
पेन 'आहे'वर टेकवलं, नुसतंच टेकवलं,
शाई पसरत गेली.
बाहेर खड्ड्यात पाणी साचलंय,
त्यावर रंगांची पातळ साय.
ऑर्विल म्हणतो, अजून एक ट्रक.