बटाट्याची वाटी

मुयनाकच्या शाळेत, सातवीच्या वर्गात
बीबीसारा बाई बटाटा पोखरतात,
वाटी होईपर्यंत.
आत दोन चमचे मीठ.
दुकानातलं. खिडकीच्या फटीत साचतं ते नव्हे.
खाली बशी, बशीत बोटभर पाणी.
"आता हात लावायचा नाही."

मधल्या सुट्टीत पोरं
वाळूत रुतलेल्या गंजक्या बोटीवर चढून आली,
गुडघे तांबडे करून.
बघतात तर
वाटीत पाणी!
कुणी ओतलं नव्हतं.
बशीतलं मात्र उतरलेलं.

बाई फळ्यावर लिहितात: परासरण.
"पाणी मिठाकडे जातं.
मधे पडदा हवा,
पाण्याला सोडणारा, मिठाला अडवणारा."

शेवटच्या बाकावरून पोलात उठतो.
त्याचे आजोबा मासे डबाबंद करायचे,
समुद्र दारात होता तेव्हा.
"आमच्या उंबऱ्यापासून
नजर पोचेल तिथवर मीठच आहे, बाई.
मग पाणी का येत नाही?"

बाई खडू ठेवतात.
बटाटा अलगद उचलतात,
बशीतलं उरलंसुरलं पाणी
खिडकीतल्या कुंडीत ओततात,
कापसाच्या रोपाला,
आणि कोरडी बशी
पोलातच्या बाकावर आणून ठेवतात.