दीड आटा

गड्डीगोदामच्या पुलाखाली
हेडाऊ मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे
एक कडुलिंब, एक बाकडं,
आणि जमिनीत इतकं मुरलेलं ऑइल
की मुंग्याही वळसा घालून जातात.

एप्रिल संपत आलेला. सकाळचे साडेसहा.
नऊनंतर बोनेटला हात लावता येत नाही.
वर्षातून दोनदा मी पद्मिनी घेऊन येते,
एक्क्याऐंशीची, सायीच्या रंगाची.
उन्हाळ्यात इथली हवा पातळ होते,
थंडीत पचलेलं तेच पेट्रोल तिला जड जातं.
मग प्रत्येक सिग्नलवर उचक्या,
पंपावर ओलं फडकं टाकलं तरी रुसवा.

मिस्त्री प्लग काढून उजेडात धरतात.
काजळी. बोटावर घेऊन मला दाखवतात.
"अजीर्ण झालं हिले."
डिसेंबरात उलटं होतं, प्लग पांढराफटक.
"उपाशी ठेवली बाई तुमी."
हवा तो रंग मारी बिस्किटाचा,
चहात बुडवायच्या आधीचा.

यंदा पेचकस हातात घेऊन ते थांबले.
"बारीक आवाज येत नाई आता मले.
डॉक्टर म्हणे, वयाचं आहे.
मी म्हटलं, हॉर्नचं आहे.
मी फिरवतो. तुमी ऐका. सांगा."

मी जिल्हा कोर्टात लघुलेखिका.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं
खोकल्यासकट उतरवून घेते.
माझं मत कुणी विचारलेलं आठवत नाही.

स्क्रू आत, अलगद, टेकेपर्यंत.
मग दीड आटा बाहेर. सोलेक्सचं हे रोजचंच.
गाडी सुरू.
"कसा आवाज?"
"चांगला आहे."
"चांगला म्हंजे काय? साक्षीदारासारखं नका बोलू."

मी डोळे मिटले.
"कुणीतरी भरलेलं पोतं ओढतंय.
फरशीवरून."
पाव आटा आत.
"आता शिलाई मशीन."
अजून थोडा.
"दोरा तुटला. परत तुटला.
चार टाके नीट, मग एक नाहीच."
"हां," ते म्हणाले,
आणि एवढं खूश झाले
की मला माझाच हेवा वाटला.

तेवढ्यात कोळशाची मालगाडी आली.
तिच्या वर मेट्रो.
दोन्हींच्या मधे आम्ही, आमचं इंजिन,
आणि मडगार्डवर ठेवलेला
अर्धा कप चहा.
काही ऐकू येईना. मी डबे मोजले,
छत्तीसनंतर चुकले.
तळवा पत्र्यावर टेकलेला होता, सहज.
पत्रा आधी थरथरत होता,
मग थरथरला, पण वेगळा,
झोपलेल्या मांजराच्या पोटासारखा.

मालगाडी गेली तेव्हा
मिस्त्री पेचकस पुसत होते.
"बास. झालं."
"पण मी तर काही सांगितलंच नाही."
"तुमच्या कपाळाकडे पाहून राह्यलो होतो नं.
आठी गेली, मी थांबलो."

चहावर साय धरली होती,
न हलणारी.
त्यांनी नातीची नेलपॉलिश काढली, गुलाबी,
स्क्रूच्या डोक्यावर एक ठिपका दिला.
"मी नसलो अन् कोणी छेडलं,
तर इथं आणून ठेवा."
पैसे तेवढेच घेतले. मागच्या वेळेइतके.

त्याच दिवशी, साडेअकराला,
चौथ्या कोर्टात कुणी एक वरघणे
पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला,
"हो, आवाज आला. साधाच होता."
माझी पेन्सिल थांबली.
नियमाप्रमाणे मी फक्त उतरवायचं असतं.
उतरवलं. साधाच होता.
पण विचारायचं होतं त्याला,
अगदी जिभेवर आलं होतं:
पोतं, की शिलाई मशीन?