आधी विचार

हडर्सफील्डच्या तरणतलावावर, मंगळवारी,
ओला स्विमसूट पिळता पिळता
शाल्मली म्हणाली, "आई, शाळेत सांगितलं,
याच्या आत असतं ते फक्त आपलं.
त्याला मराठीत काय म्हणतात?"

नाक, कान, कोपर, टाच,
इथवर माझी भाषा धडधाकट.
पुढे आमच्याकडे नुसतं "शी" होतं,
आणि "झाक ते", आणि आईचे वटारलेले डोळे.
खरे शब्द मी गल्लीतल्या शिव्यांतून वेचले,
अर्थ नंतर कळले. एकटीला.

लॉकरमध्ये अडकलेलं पौंडाचं नाणं उकरत
मी तिला शब्द दिले. साधे,
डॉक्टरला, बाईंना, कुणालाही सांगता येतील असे.
शेजारी एक गोरी आजी केस वाळवत होती.
तिला काय कळणार, तरी आवाज खाली गेलाच माझा.

रविवारी ब्रॅडफर्डहून विश्राममामा आले.
"ये, पापा दे बघू." गाल पुढे.
"नको. टाळी देते."
माझ्या जिभेवर तयारच होतं:
अगं, मामा ना ते? असं करतात का?
तीस वर्षांचं जुनं, वापरून गुळगुळीत.
गिळलं. चहा टाकला.
मामांनी जरा फुरंगटूनच टाळी घेतली.

रात्री दिवा मालवून मी वाकले, सवयीने.
"आधी विचार," अंधारातून आवाज.
विचारलं.
तिने बराच वेळ घेतला.
बाहेर वारा कचऱ्याचे डबे लोळवत होता.
मग पांघरुणातून एक कोपर बाहेर आलं.
"आज इथे."