सातवी

"कितवीत गं?" विचारायचे लोक.
सातवी, मी सांगायचे,
आणि ते दोन्हीकडून खरं होतं.
संघात सहा मुली. नंतर मी.

अशोक चौकाच्या मागं, बंद पडलेल्या सायझिंगच्या शेडमध्ये
आमचं जिम्नॅस्टिक्स.
पत्र्याखाली मे महिना.
बीमला गुंडाळलेले टर्किश टॉवेल,
काठ चुकलेले, एक्स्पोर्टमधून परत आलेले,
एकावर निळ्या धाग्यात कुठल्याशा हॉटेलचं अर्धंच नाव.
त्या अर्ध्या नावावर डावा पाय रोवायचा,
उजवा मागं, वर, बोटं ताणून,
आणि हत्तुरे मॅडम कानडीत मोजायच्या,
ओंदु, एरडु, मूरु.
लावण्या तेलुगूत मोजायची, तहसीन मनात.
पडल्यावर मात्र सगळ्याच मराठीत, आई गं.

सातवीला कामं फार.
स्प्रिंगबोर्डचं अंतर खडूनं आखणं,
बारवरची पावडर घासून काढणं,
कुणाची पाळी कधी, हे तिच्या आईआधी माहीत असणं,
पिना, ग्लुकोज, चिकटपट्ट्या,
शेंगाचटणीची पुडी मॅडमना दिसणार नाही अशी.
वजनकाट्यावर मला कधी चढवलं नाही.
मी वाढले तर फरक कुणाला पडणार होता?
वाढलेही. एका उन्हाळ्यात चार बोटं.
बीम होता तेवढाच रुंद राहिला.

घरी आई विड्यांचे कट्टे बांधायची, पंचवीस पंचवीसचे.
कारखान्यात तपासणारा काही बाजूला काढायचा. छाट.
छाट पुढं कुठं जाते,
हे मी आईला कधी विचारलं नाही.

साताऱ्याला, राज्य स्पर्धेच्या सकाळी,
वॉर्मअपमध्ये शिवलीलाचा घोटा गेला.
आवाज मी ऐकला. सुपारी फुटल्यासारखा.
मॅडमनी यादीकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
तीन वर्षांत पहिल्यांदा पुऱ्या डोळ्यांनी.
माझ्या पोटात सगळं रुटीन उभं राहिलं,
शेवटच्या उडीपर्यंत, दोन्ही हात वर करून.

शिवलीला म्हणाली,
"मी करते. नागमणी, पट्टी बांध."

आता, पट्टी बांधणं
त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणालाच येत नव्हतं.
टाचेखालून, आठाच्या आकड्यात,
दर फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा.
एक सैल सोडला असता
तर तिसऱ्या पावलाला ती खाली आली असती.
कुणाला कळलं नसतं.
तिलाही नसतं कळलं.
मी घट्ट बांधली.
आई विडीचं तोंड मिटते तशी, नखानं टोक आत दाबून.

नव्वद सेकंद ती वर राहिली.
आम्ही तिसऱ्या आलो.
फोटोत सहा जणी आहेत, हसताना दात दिसतायत.
सात जणींच्या बॅगा घेऊन
मी फोटोग्राफरच्या शेजारी उभी होते;
"इकडं बघा गं" हे मीच ओरडले होते.

परवा गड्ड्याला भेटली.
आकाशपाळण्याच्या रांगेत, मुलगा कडेवर.
"तुझ्या पट्टीनं तारलं गं त्या दिवशी," म्हणाली,
आणि त्याच श्वासात,
"थंडीत अजून ठणकतो.
डॉक्टर म्हणाले, तेव्हा टेकवायलाच नको होता पाय."
मी हसले. काय करणार?
मुलाला फुगा घेऊन दिला, नको नको म्हणत होती तरी.

मग ती गर्दीत निघाली
आणि मी मागून मोजत राहिले, सवयीनं.
ओंदु. एरडु.
तिसऱ्याला किंचित,
टॉवेलचा काठ चुकावा
इतकंच.