आता लुप्त

कापडणीस सरांकडे मी चिठ्ठ्या टाइप करायला जायचे,
भांडीबाजाराच्या मागच्या बोळात, दुसरा मजला,
चिठ्ठीमागे दोन रुपये, चहा वेगळा.

बिस्किटांचे पत्र्याचे डबे, प्रत्येकावर एक अक्षर.
आत जुन्या पोथ्यांतून वेचलेले शब्द,
खाली अर्थ, त्याखाली पान आणि ओळ,
आणि बहुतेकदा अगदी तळाशी, लाल शाईत:
आता लुप्त.

बिढार. म्हणजे मुक्काम.
सर म्हणाले, तुझ्या बिऱ्हाडाचे हे आजोबा.
सातशे वर्षं चालले,
वाटेत एक अक्षर दमलं, इतकंच.

पैज म्हणजे आधी प्रतिज्ञा होती.
माणूस देवासमोर उभा राहून बोलायचा,
मग जीव गेला तरी मोडायचा नाही.
शब्दालाही वाईट संगत लागते, सर म्हणाले
आणि ओशाळं हसले,
कारण आदल्याच दिवशी क्रिकेटवर
माझ्याशी पाच रुपये हरले होते.

लेणं एकाच चिठ्ठीवर दोनदा:
डोंगरात कोरतात ते, आणि अंगावर घालतात ते.
कुळं निराळी, चेहरा एक.
त्या रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना
मला वाटलं, डोंगरानं कानात काही घातलंय.

पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागलं त्या वर्षी
तळघरात ठेवलेला 'न'चा डबा गेला.
निकें, निरुतें, निवांत.
निवांत लगेच परत मिळाला,
तो बोळात कुणाच्याही तोंडी होता.
बाकीच्यांसाठी सर पुन्हा पोथ्यांत उतरले,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधून.

मग तो मंगळवार.
घागरीचा काठ चेपला होता म्हणून
आम्ही तांबट आळीत गेलो.
नवसागराचा धूर, ठोक्यावर ठोका,
आणि यमुताई करडे नातवावर खेकसल्या:
अरे, आधी काठ उजू कर, मग ठोक!

सर जागीच थांबले.
पुन्हा म्हणा.
काय?
आत्ता म्हणालात ते.
दोनशे दहा.
नाही हो, त्याच्या आधीचं.
वीस कमी द्या, पण असं बघू नका.

उजू. सरळ, वाकडं नसलेलं. मुळात ऋजु.
ती चिठ्ठी मीच टाइप केली होती,
तळाशी त्या दोन शब्दांसकट.

यमुताईंना आपण काही बोललो
हेच पटेना.
सासू म्हणायची, त्या म्हणाल्या,
पत्र्याला आणखी काय म्हणणार?
आणि हातोडी उचलली.

घरी येऊन सरांनी 'उ'चा डबा उघडला.
लाल शाई खोडली, दोनदा, कागद फाटेस्तोवर.
कडेला लिहिलं:
तांबट आळी, मंगळवार, दुपारी साडेतीन.
ही टाइप करू नकोस, म्हणाले,
पण दोन रुपये दिले.

दुसऱ्या दिवशी घागर पुन्हा काखेत,
दुसऱ्या हातात कोरी वही.
काठ परत चेपलाय, म्हणाले.
रात्रीतून कसा चेपला
ते मी विचारलं नाही.