बरणी क्रमांक चारशे सात

चिठ्ठीवर तीन हस्ताक्षरं.
पहिलं खोडलेलं, दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह,
तिसऱ्याने नुसतं लिहिलंय: बहुधा नवीन.
एकोणीसशे एकसष्ट, रोस्त बेटाच्या पश्चिमेला, गळावर.
पकडणाऱ्याचं नाव नाही.

स्पिरिटमध्ये रंग केव्हाच धुऊन गेलाय.
उरलंय आखूड, कुबडं अंग
आणि कपाळ असं वर आलेलं
की आतून कुणी दार ढकलत असावं.
एका विद्वानाने त्याला नाव ठेवलं, लॅटिन, भारदस्त;
बाकीच्यांनी नावं ठेवली.

जानेवारी. सूर्य डोंगराआडूनच माघारी जातो.
मी दिव्याखाली मोजत बसले:
पाठीवर पर तीन, पोटाखाली दोन,
हनुवटीला एकच मिशी,
कुशीवरून गेलेली फिकट रेघ.
सगळं ओळखीचं. आईने हजारदा चिरलेलं.
तरी गप्प राहिले.
नवीन असावा, असं मलाही वाटत होतं.

मग क्ष-किरणांची फिल्म उजेडापुढे धरली.
बावन्न मणके. एकही कमी नाही.
फक्त एकमेकांत रुतलेले,
वादळात एकाच होडीत चढलेल्या माणसांसारखे.

कॉड. साधा कॉड.
इथे लाकडी मांडवांवर लाखांनी वाळतो तो.

गुरुवारी हागबार्ट आला, कॉफीला, नेहमीसारखा.
बरणीपाशी वाकला. चष्मा शोधलाही नाही.
"राजा आहे हा. मुकुट दिसत नाही तुला?
आमच्याकडे असाच एक वाळवून
छताला दोऱ्याने टांगलेला होता.
तोंड वळेल तिकडून वारा."
"खरं ठरायचं?"
"तुमच्या रेडिओइतकं."
आणि साखर मागितली.

साठ वर्षं. आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी कानातला खडा काढला, कापला,
भिंगाखाली कडी मोजली, झाडाची मोजतात तशी.
अकरा हिवाळे.
त्या पाठीनिशी अकरा हिवाळे
पोहला, खाल्लं, सीलच्या तोंडातून निसटला,
आणि एकदाही त्याला शंका आली नसावी
आपण कोण याची.

नवी चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली,
शाई स्पिरिटमध्ये विरघळते म्हणून:
कॉड. मणके जुळलेले. वय अकरा.
खाली थोडी जागा उरली. तिथे लिहिलं, राजा.
जुनी चिठ्ठी काढली नाही. असू दे तीही.

बरणी फळीवर ठेवली.
आतला मासा हलला, सावकाश वळत राहिला,
थांबला तेव्हा तोंड नैर्ऋत्येला.

दिवा मालवला, कोट चढवला,
आणि दार उघडण्याआधी
टोपीचे बंद जरा घट्ट बांधले.